कयाक वल्हवताना पाय रिकामे ठेवू नका

देवबागच्या खाडीत आमची कयाक घेऊन गेलेले बरेच जण तासाभराने खांदे चोळत परततात. दुसऱ्या दिवशी दंड भरून येतात. सवय नाही म्हणून दुखतंय, असं त्यांना वाटतं. बहुतेकदा कारण वेगळंच असतं: सगळं काम हातांनी केलेलं असतं आणि पाय नुसते पसरलेले असतात. म्हणून किनारा सोडण्याआधी आम्ही पाच मिनिटं तुमच्या पायांसाठी मागतो. तेवढी द्याच.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिली असेल तर ही गोष्ट लगेच कळेल. दोर हातात असतो, पण माणूस टाचा वाळूत रोवून अख्ख्या अंगाने मागे रेलतो. टाच घसरली की हातातला जोरही गेला. कयाकमध्ये वल्ह्याचं पातं पाण्यात नीट रुतलं की ते जवळपास जागेवरच राहतं, पुढे सरकते ती होडी. वल्ह्यावर लावलेला जोर होडीला मिळतो तो पावलांतून आणि बैठकीतून. पाय मोकळे असले तर तुम्ही सीटवरच पुढे घसरता आणि जोर तिथंच जिरतो.

पाय कुठे टेकायचे

वरून उघड्या कयाकमध्ये दोन्ही बाजूंना पाय टेकायच्या खाचा आहेत. बंद सी कयाकमध्ये फुटरेस्ट, म्हणजे पाय टेकायचा आधार, पुढे-मागे सरकतो. चवडे टेकलेले, टाचा खाली, गुडघे थोडे वाकलेले आणि किंचित बाहेर कललेले असू द्या. पाय ताठ ठेवलात तर दाबायला जागाच उरत नाही. स्लिपर काठावर ठेवा, ओल्या प्लास्टिकवर ती सटकते. डबल कयाकमध्ये जागांची अदलाबदल केलीत तर खाचही बदला.

एक हात मारून बघू

उजवीकडून सुरू करा. उजवा खांदा पुढे, उजवा गुडघा डाव्यापेक्षा जरा जास्त वाकलेला. पातं उजव्या पावलाजवळ पाण्यात पूर्ण बुडवा आणि मगच उजव्या पावलाने खाच दाबा. गुडघा थोडासा सरळ होतो, उजवा खुबा मागे सरकतो, त्याच्यासोबत कंबर आणि पाठ वळते. वल्हं मागे येतं ते या वळण्यामुळे, कोपर फारसं वाकवावं लागत नाही. पातं खुब्यापाशी आलं की बाहेर काढा. मग डावी बाजू. ज्या बाजूचं पातं, त्याच बाजूचा पाय! दोन्ही पाय एकदम दाबले तर कंबर वळतच नाही, नुसती पाठ मागच्या टेकूवर आदळत राहते.

हे आम्ही आधी वाळूत बसवून करून घेतो. वीसेक हात मारल्यावर टाचांखालचे खड्डे बघायचे. एक खोल आणि दुसरा उथळ दिसला तर कुठला पाय आळस करतोय ते कळतं.

न्यूझीलंडच्या लिसा कॅरिंग्टनने टोकियो ऑलिंपिकमध्ये 200 आणि 500 मीटर एकेरीत सुवर्ण जिंकलं. त्या शर्यती बघा. गुडघे सायकल चालवल्यासारखे वरखाली होताना दिसतील. मात्र तेवढी हालचाल आमच्या रुंद कयाकमध्ये करायला जाऊ नका. शर्यतीच्या होडीत पावलावर पट्टा असतो, त्यामुळे दुसऱ्या पायाने ओढताही येतं. आपल्याला फक्त दाबायचंय, तेही मापात.

दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडे जाताना तो समोरून लागतो. तेव्हा घाईने भराभर हात मारू नका. लय तीच ठेवून पायाचा दाब वाढवा.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा कंबरेतून पायात कळ जात असेल तर निघण्याआधीच सांगा. हलका दाबही पुरतो. वाटेत पायाला मुंग्या आल्या तर काठाला या, फुटरेस्ट एक घर लांब करून देऊ.