टेप शाबूत, रबर गेलं

लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या दुकानाच्या माळ्यावर अजूनही क्वचित नव्वदच्या दशकातला ४८६ पीसी निघतो आणि त्यात फ्लॉपीच्या खाली डेटा चुंबकीय टेपवर साठवणारा टेप ड्राइव्ह बसवलेला असतो. गेल्या पावसाळ्यात असाच एक माझ्या टेबलावर आला. कार्ट्रिज आत सारलं, मोटर घुंघुं करत फिरली, टेप जागची हलली नाही. झाकण काढून मोटरच्या दांड्यावरच्या रबरी रोलरला बोट लावलं, तर डांबर लागावं तसा काळा चिकटा बोटाला. ‘हेड (टेप वाचणारा भाग) गेलं असणार’, असं ड्राइव्ह आणणारा हमखास सांगतो. हेड सहसा गेलेलं नसतं. बिघाड कुठे होणार, हे १९७२ सालीच ठरून गेलं होतं.

त्याआधी संगणकाची टेप म्हणजे अर्धा इंची उघडी रिळं. आयबीएमच्या १९५२ सालच्या ७२६ यंत्रात टेप झटक्यात सुटावी-थांबावी, पण तुटू नये म्हणून हवा ओढून घेणारे उभे कप्पे होते. टेपचा झोळ त्यात लोंबायचा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० संगणक आला, तोही याच रिळांच्या जमान्यातला. या टेपा थंडगार खोलीत, सरावलेल्या हातांत असत. सामान्य कचेरीचं ते काम नव्हतं.

१९७२ मध्ये थ्रीएम कंपनीने डीसी-३०० कार्ट्रिज काढलं. पाव इंची, ३०० फूट टेप, आणि दोन्ही रिळं एका डबीत बंद. खरी करामत पुढे आहे. ड्राइव्हची मोटर रिळांना हातच लावत नाही. डबीतला एक लवचिक पट्टा टेपच्या गुंडाळीला बाहेरून घासत दोन्ही रिळं फिरवतो. तो पट्टा फिरवणाऱ्या चाकाची कड डबीला ठेवलेल्या खिडकीतून दिसते. ड्राइव्हने तिला एक रबरी रोलर टेकवला की झालं. यंत्र स्वस्त आणि छोटं झालं, पण सगळी मदार रबरावर आणि त्या पट्ट्यावर आली. तीस वर्षांनी रबर विरघळतं, पट्टा सैल पडतो किंवा टेपलाच चिकटतो.

आणखी एक काटकसर नडते. या कार्ट्रिजमध्ये टेपची टोकं रिळाला बांधलेलीच नसतात. टेप संपत आली हे तिच्यातल्या बारीक भोकांतून जाणाऱ्या प्रकाशावरून ड्राइव्हला कळतं. सेन्सरवर धूळ बसली की त्याला काहीच कळत नाही आणि टेप रिळावरून सुटून डबीत मोकळी होते. कॅसेटसारखी पेन्सिल घालून ती परत गुंडाळता येत नाही. म्हणून मी आधी सेन्सर पुसतो, मग बाकीचं.

ऐंशीच्या दशकात झेनिक्स-युनिक्स या प्रणालींवर चालणाऱ्या यंत्रांवर हीच पाव इंची टेप रुळली. पीसीसाठी तिचं धाकटं भावंड, डीसी-२००० आलं आणि ते वाचणारे क्यूआयसी-८० ड्राइव्ह चक्क फ्लॉपी चालवणाऱ्या सर्किटवरच (कंट्रोलरवर) जोडले गेले. कोरी टेप फॉरमॅट करायलाच तासाहून जास्त लागायचा. खोक्यावरचा २५० एमबी हा आकडा तर डेटा साधारण निम्म्यावर आवळला जाईल असं धरून; टेपवर मावायचे १२०. पीसी डेटा पुरवण्यात मागे पडला की टेप थांबायची, थोडी मागे जायची, पुन्हा धावायची. या पुढेमागे होण्याला इंग्रजीत बूटपॉलिशचं नाव आहे. चर्चगेटला बुटावर फडकं मारणारे हात पाहिलेल्याला ते लगेच पटेल.

मुंबईची हवा या सगळ्यावर मीठ चोळते. चुंबकीय भुकटी टेपवर धरून ठेवणारं पॉलियुरेथेन ओलावा शोषून सुटं पडत जातं, आणि त्याचा राप हेडवर चढतो. टेप फिरताना कर्कश किंचाळली तर तिथेच थांबावं. आणखी एकदा फिरवून बघण्याच्या हट्टात डेटा खरवडून निघतो.

त्या ड्राइव्हचा चिकटा मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढला आणि दांड्यावर सिलिकॉनच्या नळीचा तुकडा चढवला. नळीची बाहेरची जाडी मूळ रोलरइतकीच लागते. थोडी जाड झाली तरी टेप वेगात धावते आणि वाचताना चुका येतात. दुसऱ्या तुकड्याला जमलं. रद्दीतली एक टेप शेवटापर्यंत नेऊन परत आणली, मग वाचली. गिऱ्हाइकाची टेप मात्र अजून घातलेली नाही. तिच्यातला पट्टा आधी बघायचाय.