एकट्या रेणूला कोण विचारतो?

केसांच्या काळ्या कलपात पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याचा रेणू अगदीच किरकोळ, वजन जेमतेम 108 डाल्टन (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन). एवढ्याशा रेणूची आपली प्रतिकारयंत्रणा सहसा दखलही घेत नाही. तरीही काहींना कलप लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळाच्या कडेला खाज सुटते, पापण्या सुजतात. का?

रक्तगट शोधणारे कार्ल लँडस्टायनर 1930च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये याच प्रश्नाच्या मागे होते. क्लोरीन असलेली बरीच साधी रसायनं त्यांनी आणि त्यांचे सहकारी जेकब्स यांनी गिनीपिगच्या त्वचेवर वापरून पाहिली. ज्यांतला क्लोरीन सहज सुटतो आणि जी परीक्षानळीत ॲनिलिन या रसायनाशी चटकन जोडली जातात, त्याच रसायनांनी गिनीपिगला ॲलर्जी जडली. बाकीची निरुपद्रवी ठरली. म्हणजे असा रेणू त्वचेतल्या प्रथिनाला चिकटला, तरच यंत्रणेच्या नजरेत भरतो; प्रथिन आपलंच, पण आता बदललेलं, म्हणून परकं.

पुढचं सगळं यंत्रणेची कोणती फौज जागी होते यावर. पेनिसिलिनही प्रथिनाला चिकटूनच काम बिघडवतं, पण तिथे आयजीई नावाची ॲलर्जीची प्रतिद्रव्यं तयार होऊन, हिस्टामाइन साठवणाऱ्या मास्ट पेशींवर बसून राहतात. पुढच्या डोसला हिस्टामाइन सुटतं, अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो, आणि हे सगळं काही मिनिटांत. कलपाची ॲलर्जी मात्र टी-पेशींची, म्हणजे प्रतिद्रव्यांऐवजी स्वतः हल्ला चढवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींची, म्हणून सावकाश. लँडस्टायनर आणि चेस यांनी 1942 मध्ये हा फरक दाखवला: एका गिनीपिगची संपर्क-ॲलर्जी दुसऱ्याला द्यायची तर रक्तद्रव पुरत नाही, जिवंत पेशीच द्याव्या लागतात.

चिकटणं हेच मूळ, तर प्राण्यांना कशाला छळायचं? आता सिस्टीन किंवा लायसिन हे अमिनो आम्ल असलेला छोटा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, रसायनासोबत 24 तास ठेवतात आणि किती पेप्टाइड मोकळा उरला ते मोजतात. दोन्ही पेप्टाइडांची सरासरी घट 6.38 टक्क्यांच्या वर गेली, की रसायन संशयित. मला हा आकडा गमतीचा वाटतो; निसर्ग काही दशांश मोजत बसत नाही! म्हणून एकट्या या चाचणीवर कुणी विसंबत नाही. त्वचेच्या पेशींवरच्या आणि प्रतिकारपेशींवरच्या अशा आणखी दोन चाचण्या करतात, तिघींपैकी दोघींचं मत जुळलं तर ते ग्राह्य.

ॲलर्जी आणणारं निकेल या चाळणीतून निसटतं. ते तसं चिकटतच नाही. माणसाच्या टीएलआर4 या ग्राहीवरच्या (पेशीवरचं संदेश पकडणारं प्रथिन) हिस्टिडिन या अमिनो आम्लांना धरून थेट धोक्याची घंटा वाजवतं. उंदराच्या ग्राहीत ते हिस्टिडिन नाहीत, म्हणून उंदराला निकेल सहसा बाधत नाही. त्याला माणसाचा टीएलआर4 दिला, की बाधतं. हे 2010 मध्ये दाखवलं गेलं. सुरक्षिततेची हमी देताना उंदराचं प्रमाणपत्र किती तोकडं असतं, ते इथे कळतं.

ॲनाफिलॅक्सिसबाबत, म्हणजे पेनिसिलिनसारख्या त्या काही मिनिटांतल्या झटक्याबाबत, तर आणखी पंचाईत. 2015 मध्ये कळलं, की सिप्रोफ्लोक्सासिन या प्रतिजैविकासारखी काही औषधं मास्ट पेशीवरच्या एमआरजीपीआरएक्स2 या ग्राहीला थेट चेतवू शकतात. तिथे ना प्रथिनाला चिकटणं लागतं, ना आयजीई, ना आधीचा डोस. पेप्टाइडच्या नळीत यातलं काहीच दिसणार नाही.