ॲक्शन वेगळी, रिलीफ वेगळा

पावसाळा लागला की मुंबईतल्या गिटारवाल्यांत एकच तक्रार सुरू होते: तारा वर गेल्यात, एफ कॉर्ड लागत नाही, बोटं सोलवटतात. त्यावर कोणीतरी हमखास सांगतं, "ट्रस रॉड पीळ, अर्ध्या फेऱ्यात ॲक्शन खाली येईल." ॲक्शन म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची; फ्रेट म्हणजे नेकवरच्या, गिटारच्या मानेवरच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली धातूची सळी. हा सल्ला चुकीचा आहे. तो ऐकून पिळलेल्या चांगल्या चांगल्या गिटारींच्या रॉडच्या टोकाची, किल्ली बसते ती खाच गोल झालेली दिसते, नेक मागे वाकलेला दिसतो, आणि जीव तुटतो. ट्रस रॉड ॲक्शनसाठी नसतोच. तो रिलीफसाठी, म्हणजे नेकच्या किंचित वाकासाठी असतो.

आधी ॲक्शन, थोडक्यात. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर. पोलादी तारांच्या अकूस्टिकवर जाड ई तारेला साधारण 2.4 मिमी आणि बारीक ई तारेला 1.8 ते 2 मिमी असेल तर बहुतेकांचे हात खूश असतात. इलेक्ट्रिकवर याहून कमी चालतं. नायलॉनवाल्या क्लासिकलवर जाड तारेला 4 मिमीच्या आसपास असणं अगदी योग्य आहे, तिथे उगाच कमी करायला जाऊ नका. स्टीलची पट्टी घ्या आणि मोजा. "हाताला जड लागते" हे माप नव्हे.

आता रिलीफ, कारण सगळा घोळ इथेच आहे. रिलीफ म्हणजे नेकला पुढच्या बाजूने असलेला किंचित वाक. सगळ्यात बारीक तार 0.012 इंचाची असलेला अकूस्टिक सेट सुरात लावला की सहा तारा मिळून सत्तर किलोंहून जास्त ताण देतात, आणि त्या ताणाने नेक धनुष्यासारखा पुढे ओढला जातो. नेकच्या आत बसवलेला रॉड त्याला मागे खेचतो. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅक्ह्यू यांना अशा कमीजास्त करता येणाऱ्या रॉडचं पेटंट 1923 मध्ये मिळालं. रॉडचं काम तेव्हाही तेच होतं: नेकचा वाक ताब्यात ठेवणं. थोडा वाक मात्र हवाच, कारण छेडलेली तार टोकांपेक्षा मध्ये जास्त हलते. नेक पट्टीसारखा सरळ किंवा मागे वाकलेला असेल, तर पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा झणझणायला लागतात.

मोजायची रीत सोपी आहे. गिटार पूर्ण सुरात लावा आणि वाजवताना धरता तशीच धरा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. नेक जिथे बॉडीला मिळतो, म्हणजे बहुतेक अकूस्टिकवर चौदाव्या फ्रेटवर, जाड ई तार दाबा. आता ती तारच तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, बघा. बाइक मेकॅनिक टॅपेटसाठी वापरतात तेच गेज. नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत सहज मिळतं. फट 0.1 ते 0.3 मिमी असेल तर रॉडला हात लावायचा नाही. विषय संपला.

मी यावर एवढा अडून का बसतो, ते हिशेबाने बघा. समजा तुमची ॲक्शन 3.5 मिमी आहे आणि रिलीफ 0.25 मिमी, म्हणजे नेक तंदुरुस्त आहे. रॉड आवळून नेक अगदी सरळ केला, तरी बाराव्या फ्रेटवर फार तर अर्धा मिलीमीटर उतरेल. ॲक्शन राहिली 3 मिमी. आणखी उतरवायची तर नेक मागेच वाकवावा लागेल. म्हणजे जड ॲक्शन बऱ्यापैकी तशीच, शिवाय पहिल्या काही फ्रेटवर झणझण नवी. आणि रॉडच्या टोकाशी झगडताना खाच गोल झाली किंवा रॉड तुटला, तर ती दुरुस्ती साध्या गिटारच्या किमतीत बसत नाही.

रिलीफ खरोखरच जास्त असेल, तर मात्र रॉड जरूर फिरवा. बरोबर मापाची ॲलन की, टोकाकडून बघून घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, पुन्हा सुरात लावणं, पुन्हा मोजणं. झणझण असेल आणि फट जवळजवळ नसेल, तर उलट दिशेने. जोर लावावा लागला तर थांबायचं. अंदाजाने अर्धा-अर्धा फेरा मारणाऱ्यांच्या हातात मी गिटार देणार नाही.

मग ॲक्शन उतरवायची कुठे? अकूस्टिकवर सॅडलला, म्हणजे बॉडीवर तारा जिच्यावर टेकतात त्या छोट्या पट्टीला. बाराव्या फ्रेटवर जितकं उतरवायचं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावं लागतं, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो. अर्धा मिमी हवा, तर सॅडल एक मिमीने कमी. नेहमी खालच्या कडेने घासा, कारण वरची गोलाई आणि उतार सुरासाठी कोरलेले असतात. पेन्सिलने रेघ मारा, कडप्प्याच्या सपाट ओट्यावर 120 नंबरचा सँडपेपर चिकटवा आणि सॅडल उभं धरून सावकाश घासा. तळ तिरका झाला तर आवाज दबतो, आणि खाली पिकअप, म्हणजे ॲम्पसाठी आवाज टिपणारा सेन्सर, असेल तर एखादी तार ॲम्पमध्ये कमी ऐकू येते. रिलीफ मात्र आधी, सॅडल नंतर. उलट केलंत तर सगळं दुसऱ्यांदा करावं लागेल.

मुंबईत यात आणखी एक अडचण आहे. जुलैच्या दमट हवेत अकूस्टिकची वरची फळी ओल शोषून फुगते, विशेषतः ती सॉलिड लाकडाची असेल तर, आणि तिच्याबरोबर सॅडल ज्यात बसतं तो ब्रिज वर उचलला जातो. नेक जागच्या जागी, तरी ॲक्शन वाढलेली. अशा वेळी रॉड पिळणं म्हणजे निरपराध नेकला शिक्षा. पण जुलैतच सॅडल घासून टाकलंत, तर हिवाळ्याच्या कोरड्या हवेत किंवा रोज एसी चालणाऱ्या खोलीत फळी बसेल आणि त्याच तारा फ्रेटवर आपटतील. म्हणून मूळ सॅडलला मी पावसाळ्यात हात लावू देत नाही. हाडाचं दुसरं सॅडल घ्या, ते पावसाळ्यापुरतं कमी करा आणि ऑक्टोबर सरला की मूळचं परत बसवा. आणि गिटार केसमध्ये सिलिका जेलसोबत ठेवा. ते भिजलं की बदला, नुसतं टाकून विसरू नका.

नटचं, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीचं, एक सांगतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर फट बघा. ती केसाएवढी हवी. ठळक दिसत असेल, तर तुमचा एफ नटमुळे अडतो आहे, रॉडमुळेही नाही आणि सॅडलमुळेही नाही. ते काम मात्र नटच्या खास कानशी असलेल्या कारागिराकडेच द्या. खाच एकदा खोल गेली की मोकळी तार झणझणते आणि नट नवाच बसवावा लागतो.