सिमेंट जास्त घातलं म्हणजे गिलावा पक्का होत नाही

निफाड-दिंडोरीकडे नवं घर बांधणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला मिळतोच: "आतल्या गिलाव्याला सिमेंटात कंजुषी करू नका, भिंत दगडासारखी होईल." पोटतिडकीने सांगतो, हे खरं नाही.

सिमेंट वाळताना आकसतं. माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) जितका तेज, म्हणजे त्यात सिमेंट जितकं जास्त, तितका आकस जास्त, आणि मागची वीट तर जागची हलत नाही. मग ताण निघतो तो केसासारख्या चिरांतून. आतल्या भिंतीला साधारण 1:6 माल (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) आणि 12 मिलिमीटर जाडी पुरते. स्लॅबच्या खालच्या बाजूला 1:4. वरून कोरडं सिमेंट शिंपडून घोटतात, त्यानेही गुळगुळीत पृष्ठभागावर चिरा पडतात.

भिंतीला बळ येतं ते पाण्याने. किमान 7 दिवस पाणी मारायचं, एप्रिल-मेच्या उन्हात तर दिवसातून तीन-चारदा. गिलाव्याआधी विटा भिजवल्या नाहीत तर त्या मालातलं पाणी शोषून घेतात आणि गिलावा पोकळ वाजू लागतो. वाळूत माती असेल तर चाळून, धुऊनच वापरा.

पुट्टीची घाईही नको. वास्तुशांतीची तारीख जवळ आली म्हणून ओल्या भिंतीवर पुट्टी फासली, तर पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. महिनाभर थांबा.