डिस्चार्ज अपग्रेड: रिव्ह्यू बोर्ड वेगळं, करेक्शन बोर्ड वेगळं

अमेरिकी सैन्यात लघवीच्या चाचणीत गांजा किंवा कोकेन सापडलं, कमांडने कागद चालवले आणि ‘ऑनरेबल’ (सन्मानपूर्वक) नसलेला डिस्चार्ज, म्हणजे सेवामुक्ती, घेऊन माणूस घरी आला, की त्याला पहिला सल्ला मिळतो तो ‘अपग्रेडसाठी’, म्हणजे त्या डिस्चार्जचा दर्जा वाढवून घेण्यासाठी, ‘अर्ज कर’ असा. अर्ज कुठे करायचा, हे सांगणारे मात्र कमी असतात. अर्ज घेणारी बोर्डं दोन आहेत. एक डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड, दुसरं लष्करी नोंदी दुरुस्त करणारं करेक्शन बोर्ड. दोन्हीकडे अर्ज फुकट असतो आणि दोन्ही डिस्चार्ज बदलू शकतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात. पण चुकीच्या ठिकाणी वेळ घालवला तर हातची एक संधी कायमची जाते, आणि अंमली पदार्थांच्या प्रकरणात नेमकी तीच संधी सगळ्यात मोलाची असते.

आधी हातातला कागद नीट पाहू. सैन्य सोडताना मिळणारा डीडी-२१४ हा फॉर्म म्हणजे आपल्याकडचा शाळा सोडल्याचा दाखलाच. ‘वर्तणूक’ या रकान्यात काय लिहिलंय यावर पुढचं सगळं ठरतं. चोविसाव्या रकान्यात सेवेचा दर्जा असतो, वरून खाली: ऑनरेबल, जनरल किंवा अदर दॅन ऑनरेबल. बॅड कंडक्ट आणि डिसऑनरेबल हे त्याखालचे दोन दर्जे फक्त कोर्ट मार्शलमध्ये शिक्षा म्हणून मिळतात. अठ्ठाविसाव्या रकान्यात कारण असतं, आणि तिथे ‘मिसकंडक्ट, ड्रग अब्यूज’ असं स्पष्ट छापलेलं असतं. नोकरी देणारे बहुतेक वेळा हे कारण दाखवणारी लांब प्रत, म्हणजे ‘मेंबर फोर’, मागतात. म्हणून दर्जा सुधारला तरी कारण तसंच राहिलं तर अर्धं काम झालं. अर्जात दोन्ही बदल मागायचे असतात आणि बरेच जण फक्त पहिलाच मागतात.

इथेच एक अफवा खोडून काढायला हवी. ‘सहा महिने थांब, आपोआप ऑनरेबल होतं’ असं बराकीत सर्रास सांगितलं जातं. आपोआप काहीच होत नाही. या भरवशावर लोकांनी वर्षं घालवली आहेत, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या कामात वर्षांनाच किंमत आहे.

रिव्ह्यू बोर्डं १९४४ च्या जीआय बिलाबरोबर, म्हणजे माजी सैनिकांना शिक्षणासारख्या सवलती देणाऱ्या कायद्याबरोबर, आली. लष्कर, नौदल आणि हवाई दल यांची स्वतंत्र बोर्डं आहेत. मरीन कोरचे अर्ज नौदलाच्या बोर्डाकडे जातात. फॉर्म डीडी-२९३. मुदत डिस्चार्जपासून १५ वर्षं, आणि ती वाढवून मिळत नाही. डीडी-२१४ वरच्या बारा-बी रकान्यात सेवा संपल्याची तारीख असते. त्यात १५ मिळवा, तोच शेवटचा दिवस. करेक्शन बोर्डं १९४६ च्या कायद्याने आली. त्याआधी एखाद्या सैनिकाची नोंद चुकली तर अमेरिकी संसदेला, म्हणजे काँग्रेसला, त्याच्यासाठी खासगी विधेयक आणावं लागे. ते काम बंद व्हावं म्हणून लष्करी खात्यांना स्वतःच्या नोंदी दुरुस्त करायचा अधिकार दिला गेला. फॉर्म डीडी-१४९. इथे मुदत चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासून तीन वर्षांची आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर बोर्ड ती माफ करतं. म्हणजे कागदावर छोटी मुदत असलेलं बोर्ड व्यवहारात जास्त सैल आहे, आणि मोठी मुदत असलेलं बोर्ड त्या दिवशी दार बंद करतं. बहुतेकांचा गोंधळ इथेच सुरू होतो.

दोघांचे प्रश्नही वेगळे आहेत. रिव्ह्यू बोर्ड दोनच गोष्टी तपासतं: डिस्चार्ज देताना नियम पाळले गेले का, आणि दिलेला दर्जा न्याय्य आहे का. पहिली बाजू रुक्ष वाटते, पण ड्रगच्या प्रकरणात सगळा निकाल कधी कधी तिथेच लागतो. लष्कराचं उदाहरण घेऊ. तिथे ‘लिमिटेड यूज’ नावाचं धोरण आहे. सैनिक स्वतःहून उपचारासाठी गेला आणि तिथे त्याने आपल्या व्यसनाबद्दल काही सांगितलं, किंवा उपचाराचा भाग म्हणून चाचणी झाली, तर ती माहिती डिस्चार्जचा दर्जा खाली आणायला वापरता येत नाही. कमांडने ती माहिती डिस्चार्जच्या कारवाईत पुरावा म्हणून आणली, तर नियमानुसार दर्जा ऑनरेबलच द्यावा लागतो.

आता ही गोष्ट कागदात कुठे सापडते? चाचणीच्या नमुन्याबरोबर एक फॉर्म जातो आणि त्यावर चाचणी का घेतली याचं दोन अक्षरी चिन्ह असतं. ‘आयआर’ म्हणजे सरसकट, चिठ्ठी काढल्यासारखी घेतलेली चाचणी; तिला हे संरक्षण नाही. ‘आरओ’ म्हणजे पुनर्वसनाच्या उपचारातली चाचणी. ‘सीओ’ म्हणजे हा माणूस ड्युटीसाठी ठीक आहे ना, या शंकेने कमांडरने घेतलेली. शेवटच्या दोन्ही ‘लिमिटेड यूज’मध्ये येतात. कमांडला हे माहीत नसतं किंवा घाईत सुटतं, निकालाचा कागद फाइलमध्ये जोडला जातो आणि जनरल डिस्चार्ज देऊन माणूस मोकळा होतो. लष्कराच्या रिव्ह्यू बोर्डाच्या जुन्या निकालांत (नावं झाकून ते ऑनलाइन ठेवलेले असतात, वेळ काढून वाचावेत) असे अर्ज मंजूर झालेले दिसतात. त्यात सैनिकाच्या चांगुलपणाचा, व्यसनमुक्तीचा किंवा पश्चात्तापाचा प्रश्न फारसा येतच नाही. दोन अक्षरं चुकीच्या कागदावर होती, एवढं पुरतं. म्हणून अर्ज लिहायच्या आधी सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेख केंद्राकडून फॉर्म एसएफ-१८० भरून आपली पूर्ण फाइल मागवावी, आणि डिस्चार्जच्या कारवाईचं पॅकेट त्यात आहे ना हे पाहावं. फाइल न वाचता ‘माझ्यावर अन्याय झाला’ असं पानभर लिहिणारे अर्ज पाहिले की वाईट वाटतं. मुद्दा आतल्या कागदात पडून असतो आणि अर्जात तो नसतोच.

रिव्ह्यू बोर्डाचं दुसरं मोठं बळ म्हणजे सुनावणी. इथे अर्जदाराला समोर बसून बोलायचा हक्क आहे. अलीकडे ती फोनवर किंवा व्हिडिओवरही होते. आधी फक्त कागदांवर निर्णय मागता येतो, तो विरोधात गेला तर त्याच बोर्डाकडे सुनावणी मागता येते. उलटं करता येत नाही. शिवाय हे बोर्ड दर्जा आहे त्यापेक्षा खाली नेऊ शकत नाही, त्यामुळे मागण्यात धोका नाही. ड्रगच्या प्रकरणात सुनावणी का महत्त्वाची, हे कुणालाही कळेल. फाइलमध्ये फक्त चाचणीचा आकडा, तारीख आणि कमांडरची सही असते. इराकहून परतल्यावर झोप का लागत नव्हती, बायको घर सोडून का गेली, नशेची पहिली गोळी कुणी दिली, आणि त्यानंतर आज तो माणूस काय करतो, हे कागद सांगत नाही. माणूस सांगतो. करेक्शन बोर्डाकडे सुनावणीचा हक्क नाही. ती बोर्डाच्या मर्जीवर असते आणि क्वचितच मिळते. बाकी सगळं कागदांवर.

म्हणून १५ वर्षं उलटली की गेलेली गोष्ट म्हणजे मुख्यतः हीच: समोर बसून बोलायची संधी. अपग्रेडचा रस्ता बंद होत नाही, पण बोलायची खुर्ची निघून जाते.

करेक्शन बोर्ड कशासाठी, मग? त्याचे हात लांब आहेत. सामान्य नागरिक असलेले खात्याचे कर्मचारी तिथे निर्णय घेतात आणि प्रश्न असतो ‘नोंदीत चूक किंवा अन्याय आहे का’. हे बोर्ड डिस्चार्जचा दर्जा आणि कारण तर बदलतंच, पण गेलेला हुद्दा परत देऊ शकतं, थकलेला पगार देववू शकतं, पुन्हा भरती होता येईल की नाही हे सांगणारा कोड बदलू शकतं, आणि प्रशासकीय डिस्चार्जऐवजी वैद्यकीय निवृत्ती व्हायला हवी होती असं ठरवू शकतं. शेवटची गोष्ट रिव्ह्यू बोर्डाच्या अधिकारातच नाही. जनरल कोर्ट मार्शलने दिलेल्या डिस्चार्जला रिव्ह्यू बोर्ड हातही लावत नाही. ती प्रकरणं थेट करेक्शन बोर्डाकडे जातात, आणि तिथेही फक्त शिक्षेत दया दाखवता येते, दोषी ठरवल्याचा निकाल रद्द होत नाही.

क्रमाबद्दल नियम साधा आहे. १५ वर्षांच्या आत असाल आणि रिव्ह्यू बोर्ड तुम्हाला हवं ते देऊ शकत असेल, तर आधी तिथे जा. न जाता डीडी-१४९ पाठवला तर करेक्शन बोर्ड तो परत करतं. दोन्हीकडे नकार आला आणि डिस्चार्ज २० डिसेंबर २०१९ चा किंवा त्यानंतरचा असेल, तर डिस्चार्ज अपील रिव्ह्यू बोर्ड नावाची आणखी एक पायरी आता आहे. त्यानंतर फेडरल कोर्ट.

दोन्ही बोर्डांना एका बाबतीत सारखंच वागावं लागतं, आणि ड्रगच्या प्रकरणांचा सगळा रंग त्यामुळे बदलला आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये संरक्षणमंत्री चक हेगल यांनी करेक्शन बोर्डांना पत्र लिहिलं: व्हिएतनामच्या काळात ज्यांना अदर दॅन ऑनरेबल मिळालं आणि ज्यांना पीटीएसडी (युद्धासारख्या भयंकर अनुभवानंतर जडणारा मानसिक आजार) होता, त्यांच्या अर्जांकडे उदारपणे पाहा. पत्र करेक्शन बोर्डांनाच का, तर त्या माणसांची १५ वर्षं केव्हाच उलटून गेली होती. पीटीएसडी हे निदानच १९८० मध्ये अधिकृत झालं. १९७० मध्ये हेरॉइनमुळे हाकललेल्या पोराच्या फाइलमध्ये ते सापडणार कुठून? संरक्षण खात्यातले अधिकारी कुर्टा यांच्या ऑगस्ट २०१७ च्या पत्राने (‘कुर्टा पत्र’) हा उदार विचार रिव्ह्यू बोर्डांनाही लागू झाला. पीटीएसडीबरोबरच मेंदूला झालेली इजा, लैंगिक अत्याचार, नैराश्यासारखे आजार, हे सगळं त्यात आलं.

त्या पत्रात चार प्रश्न आहेत आणि अर्ज लिहिताना ते भिंतीवर चिकटवून ठेवावेत. गैरवर्तन माफ किंवा सौम्य ठरेल अशी काही व्याधी किंवा अनुभव होता का? तो सेवेच्या काळातला आहे का? तो खरोखरच ते गैरवर्तन सौम्य ठरवतो का? आणि डिस्चार्जच्या कारणापेक्षा तो जड आहे का? पुरावा म्हणून माजी सैनिकाचं स्वतःचं निवेदनही पुरेसं ठरू शकतं. वागण्यातला बदल, कामातली घसरण, बदलीसाठी केलेले अर्ज, एवढंच नव्हे तर व्यसनाची सुरुवात, हीसुद्धा त्या व्याधीची खूण मानता येते. ज्या गोष्टीसाठी काढलं, तीच आजाराचा पुरावा ठरू शकते. ठरवून केलेलं गैरवर्तन आजारामुळे सहसा माफ होत नाही, असंही पत्र म्हणतं. पण त्रास शमवण्यासाठी स्वतःच घेतलेले पदार्थ वेगळे पाहावेत, असं त्याच ठिकाणी लिहिलंय. म्हणून स्वतः वापरणारा आणि विकणारा, या दोघांचे अर्ज एका वजनाचे नसतात. गांज्याबद्दलही त्यात स्पष्ट उल्लेख आहे: सैन्यात तो आजही बेकायदा, पण काही राज्यांत कायदेशीर झाल्यामुळे दशकांपूर्वीपेक्षा कमी गंभीर मानता येईल.

माझ्या मते अर्जदारांची सगळ्यात घातक सवय म्हणजे ‘एकदाच घेतलं होतं’ यावर भर देणं. कमांडने केलेलं योग्यच, असं बोर्ड मुळात गृहीत धरतं, आणि एकदा घेतल्यानेही नियम मोडलाच. त्याऐवजी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्या: तो अनुभव आणि तो पदार्थ यांच्यातला दुवा. तारखा जुळवून दाखवा. ही तैनाती, हा स्फोट, त्यानंतर दोन महिन्यांनी झोपेच्या तक्रारीची नोंद, त्यानंतर चाचणी. जोडीला व्यसनमुक्ती केंद्राची पत्रं, कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचं पत्र, आणि डॉक्टरचं निदान असेल तर तेही. त्याच खात्यातले अधिकारी विल्की यांच्या जुलै २०१८ च्या पत्रानुसार आजार नसला तरी दया आणि न्यायाच्या भूमिकेतून विचार होतो. सेवेनंतरचं आयुष्य तिथे मोजलं जातं.

एक फाटा थोडक्यात. माजी सैनिकांसाठीचं व्हीए खातं स्वतःचा वेगळा निर्णय घेतं. अदर दॅन ऑनरेबल असूनही ते काही सुविधा देऊ शकतं, आणि जून २०२४ पासून त्याचे नियम थोडे सैल झाले आहेत. पण व्हीएने ‘हो’ म्हटलं तरी डीडी-२१४ बदलत नाही. ९/११ नंतरच्या जीआय बिलातून शिकायचं असेल तर ऑनरेबलच लागतं. जनरलवर भागत नाही. उपचारांसाठी मात्र अपग्रेडची वाट पाहू नये, व्हीएचा दरवाजा आधी ठोठवावा.

न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या आपल्या मराठी घरांतलं एखादं मूल सैन्यात गेलं असेल आणि सेवेच्या जोरावर त्याला नागरिकत्व मिळालं असेल, तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. एकूण पाच वर्षांची ऑनरेबल सेवा पूर्ण व्हायच्या आत अदर दॅन ऑनरेबल डिस्चार्ज मिळाला, तर ते नागरिकत्व काढून घेता येतं. अशा वेळी फॉर्म भरायच्या आधी इमिग्रेशनचा वकील गाठा, कारण बोर्डापुढे लेखी दिलेली ड्रगची कबुली दुसऱ्या खात्याच्या टेबलावरही वाचली जाऊ शकते. बाकीच्यांना वकिलावर पैसे घालवायची बहुधा गरज नाही: अनेक विद्यापीठांच्या लॉ स्कूलमध्ये माजी सैनिकांसाठी मोफत क्लिनिक आहेत, माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी फुकट मदत करतात. अपग्रेडची हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. अशी हमी कुणालाच देता येत नाही.