कर्णिकाची सहा नावं

मावशीच्या फ्रिजवर एक फोटो चिकटवलेला आहे. ती आणि काका, मागे जहाजाचा कठडा, त्याच्याही मागे समुद्र. २०१९ मधली मुंबई–गोवा सहल. बॅलार्ड पिअरवरून दोघं 'कर्णिका' नावाच्या क्रूझवर चढले आणि हिंडून आले. आपल्याला बोट लागली नाही याचं मावशीला इतकं कौतुक, की पुढे वर्षभर भेटेल त्याला ती सांगत होती, "नवीकोरी बोट होती रे, हलतसुद्धा नव्हती."

नवीकोरी कसली, २९ वर्षांची होती. १९९० मध्ये इटलीतल्या मोनफाल्कोनेच्या गोदीतून ती 'क्राउन प्रिन्सेस' या नावाने बाहेर पडली. पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटरचे एक वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांनी तिला डॉल्फिनच्या डोक्यासारखं गोलसर रूप दिलं होतं. २००२ मध्ये जर्मन प्रवाशांसाठी ती 'ए-रोझा ब्लू' झाली, २००४ मध्ये 'आयडा ब्लू', २००७ मध्ये ब्रिटिशांसाठी 'ओशन व्हिलेज टू' आणि २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्युवेल'. मावशी चढली ती सहाव्या नावाच्या बोटीवर.

नाव पुसून दुसरं रंगवता येतं. बदलत नाही तो सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक. आपल्या गाडीच्या चॅसी नंबरसारखाच, जहाज बांधताना मिळतो आणि मोडीत निघेपर्यंत त्याच जहाजाचा राहतो. मालक बदलो, झेंडा बदलो, नंबर तोच. तो पोलादावर कायमचा उमटवावा लागतो, आणि प्रवासी जहाजांवर तर वरून, म्हणजे विमानातूनही दिसेल अशा आडव्या पृष्ठभागावर. कर्णिकाचा होता ८५२१२२०. यातला शेवटचा आकडा नुसता तपासणीसाठी असतो. आधीच्या सहा आकड्यांना डावीकडून क्रमाने ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणायचं आणि बेरीज करायची: ५६ अधिक ३० अधिक १० अधिक ४ अधिक ६ अधिक ४, एकूण ११०. बेरजेचा शेवटचा आकडा शून्य, नंबराचाही शून्य. कारकुनाने टाइप करताना एखादा आकडा चुकवला, तर बहुतेक वेळा हिशोब जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते.

आता हा दुसरा नंबर पाहा: ८५२१२३२. पहिले सहा आकडे कर्णिकाच्या लगेच पुढचे. हे तिचं जुळं भावंड, 'रीगल प्रिन्सेस', त्याच गोदीत बांधलेलं, १९९१ चं. या जुळ्यांपैकी एक आज भंगार होऊन गेलं आहे आणि दुसरं अजून प्रवासी घेऊन हिंडतं आहे. आराखडा तोच, गोदी तीच, पोलादही तेच, मग असं का झालं?

जहाज म्हातारं होतं म्हणजे गंजतं, असं आपल्याला वाटतं. गंजतं हे खरंच आहे. खारं पाणी आणि लोखंड एकत्र आले की एक छोटी बॅटरीच सुरू होते. ती लोखंडाला खाऊ नये म्हणून तळाला जस्ताचे ठोकळे लावतात. जस्त जास्त उतावीळ धातू, लोखंडाच्या आधी तोच झिजतो. ठोकळे संपत आले की सुक्या गोदीत नवे बसवायचे. पत्रा किती उरला हे बघायला तो कापावा लागत नाही. त्यावर एक छोटं यंत्र टेकवतात, ते ध्वनिलहर सोडतं आणि पलीकडच्या बाजूवर आपटून ती परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. पोलादात आवाज सेकंदाला जवळजवळ सहा किलोमीटर धावतो. म्हणजे १५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून जाऊन-येऊन त्याला सेकंदाचा साधारण दोन लाखावा भाग लागतो. वेळ त्याहून कमी भरला तर पत्रा झिजला. फार झिजला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. पैसे मोजायची तयारी असेल तर हे पन्नास वर्षंसुद्धा चालू ठेवता येतं. १९६५ साली बांधलेलं 'मार्को पोलो' २०२० पर्यंत प्रवासी नेत होतं.

तेव्हा जहाज म्हातारं होतं ते बहुतेक वेळा हिशोबाच्या वहीत. वस्तूची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की तिचं आकारमान आठपट होतं, पण पृष्ठभाग चौपटच होतो. जहाजाला पुढे सरकताना पाण्याशी जे घर्षण सोसावं लागतं ते पृष्ठभागाशी बांधलेलं. खोल्या किती मावतील हे आकारमानाशी. म्हणून जहाज जितकं मोठं तितकं माणशी इंधन कमी. वर कॅप्टन एकच लागतो, खोल्या १,००० असोत की २,५००. कर्णिका सुमारे ७०,००० ग्रॉस टनांची होती. २०२४ मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' जवळजवळ २,५०,००० ग्रॉस टनांचं आहे. (ग्रॉस टन हे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप आहे. नावातला 'टन' भल्याभल्यांना फसवतो.) त्यात हल्ली प्रत्येकाला खोलीला बाल्कनी हवी. जुन्या जहाजाला बाल्कन्या जोडता येतात, पण ते वजन वरच्या मजल्यांवर चढतं, गुरुत्वमध्य वर सरकतो आणि जहाज कलंडायला सोपं होतं. मग पिछाडीला पोकळ पोलादी भाग जोडून तोल सावरायचा. काही जहाजं तर मधोमध कापून लांब करतात. 'एन्चांटमेंट ऑफ द सीज'च्या पोटात २००५ मध्ये रॉटरडॅमला २२ मीटरचा नवा तुकडा बसवला होता.

नियमही एका फटक्यात वय वाढवतात. १ ऑक्टोबर २०१० पासून प्रवासी जहाजांच्या आतल्या बांधकामात पेटणारं सामान चालणार नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम जुन्या जहाजांनाही लागू झाला. ज्यांच्या भिंती सुंदर लाकडाच्या होत्या, नेमकी तीच जहाजं बाद झाली. २०२० मध्ये इंधनातल्या गंधकावर मर्यादा आली, तेव्हा इंधनाचा खर्च वाढला.

मग जहाज विकायला निघतं. पण थेट भंगारात जात नाही, आधी एकेक पायरी उतरतं. कर्णिकाची मधली सगळी नावं एकाच मोठ्या उद्योगसमूहाच्या घरातली होती. थोरल्याचा शर्ट धाकट्याला, तसं एका देशातल्या कंपनीचं जहाज दुसऱ्या देशातल्या कंपनीला. प्रवासी बदलले की जुनं जहाज नवं होतं. रंग, गालिचे, मेन्यूकार्ड बदललं की झालं. त्या घराबाहेर ती पडली २०१९ मध्ये, आपल्याकडे येताना.

आपल्या भागाला हे नवं नाही. २०१८ मध्ये मुंबई–गोवा सुरू झालेली 'आंग्रिया' जपानमध्ये बांधलेली जुनी प्रवासी बोट होती. आणि २०२१ पासून मुंबईहून सुटणारं कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' १९९० मध्ये फ्रान्सच्या सेंट-नझेरला 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून तयार झालेलं आहे. मला यात काही कमीपणा वाटत नाही. उत्तम देखभाल केलेलं तीस वर्षांचं जहाज तीस वर्षांच्या लिफ्टपेक्षा कितीतरी जास्त वेळा तपासलेलं असतं.

कर्णिकाचा घात केला तो २०२० ने. क्रूझ बंद झाल्या आणि ती मुंबईत नुसती उभी राहिली. मोठं जहाज गाडीसारखं किल्ली काढून ठेवून देता येत नाही. आतली हवा खेळती राहिली नाही तर मुंबईच्या दमटपणात गालिचे, पडदे, विजेच्या जोडण्या सगळ्यांवर बुरशी आणि गंज चढतो. म्हणून जनरेटर चालू, एसी थोडाफार चालू, काही खलाशी कायम वर. कमाई शून्य, मीटर चालू. अशा वेळी ज्यांचे पैसे थकले आहेत ते कोर्टात जातात, आणि सागरी कायद्यात एक गमतीदार सोय आहे: मालक परदेशात असला तरी जहाजालाच अटक करता येते. मुंबईत शेरीफच्या कार्यालयाचा माणूस जाऊन जहाजावर वॉरंट चिकटवतो. कर्णिका अशीच मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने लिलावात निघाली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये गुजरातेत, जिथे जहाजं तोडतात त्या अलंगच्या किनाऱ्यावर पोचली.

लिलावात किंमत कशी ठरते? दोन भाव असतात. एक, चालतं जहाज म्हणून कोणी घेतलं तर. दुसरा, लोखंड म्हणून. लोखंडाचा भाव 'एलडीटी'वर, म्हणजे इंधन, पाणी, माणसं, सामान सगळं वजा केल्यावर उरणाऱ्या निव्वळ वजनावर लागतो. समजा ३०,००० एलडीटी आणि टनाला ४०० डॉलर, तर १ कोटी २० लाख डॉलर. चालतं जहाज म्हणून यापेक्षा जास्त देणारं गिऱ्हाईक असेपर्यंत जहाज जगतं. २०२० मध्ये तसं गिऱ्हाईकच नव्हतं. त्या वर्षी तुर्कस्तानात अलिआगाच्या किनाऱ्यावर 'फँटसी', 'सॉव्हरिन', 'मोनार्क' ही एकेकाळची गाजलेली जहाजं तोडणीसाठी शेजारीशेजारी नाळ (पुढचं टोक) रुतवून उभी होती.

मुंबईतही हा धंदा आहे, अलंगच्या आधीपासून. रे रोडजवळचा दारूखाना. १९७१ च्या युद्धातली आपली पहिली 'विक्रांत' तिथेच तोडली गेली. पण मोठी जहाजं अलंगला जातात, कारण तिथला समुद्र. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. भरतीचं पाणी आत शिरतं, जागा कमी होत जाते, मग ते वर चढतं. मुंबईत मोठ्या उधाणालाही भरती-ओहोटीत पाचेक मीटरचा फरक पडतो. अलंगला तो दहा मीटरच्या आसपास जातो. म्हणून तिथे मुहूर्त पंचांग पाहूनच धरावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, उधाण येतं. अष्टमीच्या भांगाच्या भरतीला जहाज पुरेसं वर चढणार नाही. भरती ऐन भरात असताना कॅप्टन जहाज किनाऱ्याच्या रोखाने सोडतो, इंजिन जोरात. आयुष्यभर जे टाळायला शिकला तेच इथे मुद्दाम करायचं. पाणी ओसरलं की दहा-बारा मजली इमारत चिखलात उभी दिसते, आणि माणसं तिच्याभोवती पायी फिरतात.

पुढचं काम गॅस कटरचं. कटर लोखंड वितळवतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो ते जाळतो. एलपीजीच्या ज्योतीने पत्रा सुमारे ९०० अंशांपर्यंत लालभडक करायचा, मग ऑक्सिजनचा झोत सोडायचा. तापलेलं लोखंड त्या ऑक्सिजनमध्ये स्वतःच पेटतं, आणखी उष्णता देतं, आणि चीर पुढे सरकत जाते. लोखंड वितळायला १,५०० अंश लागतात, इथे तेवढी गरजच नाही. गरज आहे ती टाकीत तेलाची वाफ उरलेली नाही ना, हे आधी बघण्याची. ते बघितलं नाही की स्फोट, आणि असे स्फोट या धंद्याने बरेच पाहिले आहेत.

दुसरा शत्रू दिसत नाही. जुन्या जहाजांत इंजिनाच्या खोलीत, नळांभोवती, खोल्यांच्या भिंतींत ॲस्बेस्टॉस असतो. आग रोखायला तो उत्तम, पण त्याचे तंतू फुप्फुसात गेले की आजार वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी उगवतो. तोवर कामगार गावी परतलेला असतो आणि जहाजाशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. हा प्रश्न गाजला तो 'फ्रान्स'मुळे. १९६२ चं ३१६ मीटर लांबीचं जहाज, पुढे 'नॉर्वे', आणि २००६ मध्ये 'ब्लू लेडी' होऊन अलंगसमोर आलेलं. त्यात हजार टनांहून जास्त ॲस्बेस्टॉसयुक्त माल असल्याचा अंदाज होता. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००७ मध्ये तोडायला परवानगी दिली. त्याच्या नाळेचं टोक मात्र कापून परत फ्रान्सला गेलं, आज ते ल हाव्र बंदरात ठेवलेलं आहे.

जहाजतोडणीबद्दलचा हाँगकाँग करार २००९ चा, लागू झाला २६ जून २०२५ ला. मधली सोळा वर्षं. आता तोडायला जाणाऱ्या जहाजावर घातक पदार्थांची यादी असावीच लागते: कुठल्या खोलीत काय, किती. युरोपीय झेंड्याच्या जहाजांना त्याहून कडक नियम आहेत, म्हणून शेवटच्या फेरीआधी कोमोरोस, पलाऊ असल्या देशांचा झेंडा चढवायची पळवाटही आहे. मला हा भाग सगळ्यात खटकतो. जहाज कोणाचं होतं हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कागदाला नसतं.

मालवाहू जहाजापेक्षा क्रूझ तोडायला जास्त वेळ खाते. पोलाद तुलनेने कमी आणि आत एक अख्खं हॉटेल. हे हॉटेल अलंगच्या रस्त्यावरच्या दुकानांत येऊन पडतं: गाद्या, कपबश्या, जिमच्या सायकली, आरसे. चोर बाजारात पितळी खिडक्या दिसतात त्यातल्या काही या वाटेने आलेल्या, बऱ्याच मुरादाबादेतल्या नव्या. उरलेलं पोलाद भावनगर भागातल्या रोलिंग मिलमध्ये जातं. तिथे बरेचसे जाड पत्रे वितळवतही नाहीत. पट्ट्या कापून, लाल तापवून फिरत्या रोलरांमधून काढतात आणि बांधकामाच्या सळ्या होतात.

आणि जुळं? 'रीगल प्रिन्सेस' आधी 'पॅसिफिक डॉन' झालं. २०२० मध्ये बिटकॉइनवाल्यांनी ते घेऊन 'सातोशी' नाव दिलं. पनामाजवळ नांगरून त्यावर तरंगती वसाहत करायची होती. विमा मिळेना, बेत फसला, भंगाराचा सौदाही ठरला होता. तो फिसकटला, २०२१ उजाडलं, आणि एका नव्या ब्रिटिश कंपनीला नेमकं असंच मध्यम आकाराचं, स्वस्त जहाज हवं होतं. आता ते 'अँबियन्स' आहे. काही महिन्यांचा फरक, बाकी काही नाही.

परवा मावशीने विचारलं, दिवाळीत 'एम्प्रेस'चं बुकिंग करू का. मी तिला नंबर दिला, ८७१६८९९, आणि गुणाकार शिकवला. तिने दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर मांडला.

"एकशे एकोणसत्तर. नऊ येतो रे, बरोबर आहे. कितीची आहे पण ही?"

"नव्वद सालची."

"मग काय म्हातारी म्हणायची? आमचा फ्रिज त्याच्या आधीचा आहे."