पत्रकारितेचं एम.ए. की पीजी डिप्लोमा?

"मास कॉम करतोय" एवढं सांगून मुलं मोकळी होतात. एम.ए. की डिप्लोमा, असं विचारलं की गडबडतात. गडबडणारच, कारण दोन्ही अभ्यासक्रम पदवीनंतरचे, दोन्हींत बातमी लिहायला शिकवतात, आणि दोन्हींच्या माहितीपत्रकावर हातात माईक घेतलेली तीच ती मुलगी असते.

एम.ए. ही विद्यापीठाची पदवी. दोन वर्षं, चार सत्रं. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये चालतो तो विद्यापीठाचाच विभाग. बातमीलेखन, संपादन, माध्यमविषयक कायदे तर असतातच, पण त्यांच्या जोडीला संज्ञापनाचे (माहिती लोकांपर्यंत कशी पोचते याचे) सिद्धांत, संशोधनपद्धती आणि शोधप्रकल्प येतो. हा भाग मुलांना रटाळ वाटतो. बातमीदाराला सिद्धांत काय करायचेत, असं म्हणतात. मला ते पटत नाही. नमुना कसा निवडतात हे ज्याला कळतं, तो निवडणुकीच्या काळात एखाद्या सर्वेक्षणाचे आकडे पहिल्या पानावर टाकण्याआधी किती लोकांना विचारलं आणि कुठल्या भागातल्या, हे तरी पाहतो.

पदव्युत्तर पदविका, म्हणजे पीजी डिप्लोमा, साधारण एका शैक्षणिक वर्षात उरकतो. 1965 मध्ये दिल्लीत सुरू झालेली भारतीय जनसंचार संस्था, म्हणजे आयआयएमसी, आणि चेन्नईचं एशियन कॉलेज ऑफ जर्नलिझम ही यातली मोठी नावं. आयआयएमसीचं अमरावतीलाही केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा डिप्लोमा होतो. विदर्भातल्या मुलांनासुद्धा हे माहीत नसतं, याचं नवल वाटतं. डिप्लोमाचा सगळा भर हातावर: बीट, म्हणजे नेमून दिलेलं बातमीचं क्षेत्र, फिरा, कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, द्या, लाल होऊन परत आलेली कॉपी पुन्हा लिहा, पान लावा, बुलेटिन काढा.

नोकरीच्या दारात यातलं काय चालतं? बातमी करायला आपल्याकडे परवाना लागत नाही. पत्रकारांसाठी किमान पात्रता असावी म्हणून वृत्तपत्रांवर देखरेख करणाऱ्या प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी 2013 मध्ये समिती नेमली होती, पण तशी सक्ती काही आली नाही. त्यामुळे मराठी दैनिकात उपसंपादकाच्या जागेसाठी गेलात तर प्रमाणपत्र नंतर बघतात. आधी वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी पुढे ठेवतात आणि मराठीत करायला सांगतात. इंट्रो, म्हणजे बातमीचा पहिला परिच्छेद, जमला नाही, तर एम.ए.ची दोन वर्षं तिथे उपयोगी पडत नाहीत. या परीक्षेत चांगल्या संस्थेतला डिप्लोमावाला बहुतेक वेळा पुढे असतो.

पण प्राध्यापकी करायची असेल तर चित्र उलटं होतं. यूजीसीच्या नेटला, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला, पत्रकारिता व जनसंज्ञापन हा स्वतंत्र विषय आहे आणि तिथे खुल्या गटाला 55 टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी लागते. राखीव गटांना 50 टक्के चालतात. एका वर्षाच्या डिप्लोमावर ते दार उघडत नाही. पीएच.डी.ची वाटही सहसा याच दारातून जाते. सरकारी माहिती खात्यातल्या पदांसाठी तर जाहिरातीतली पात्रता शब्दशः वाचावी, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नये.

आता गोंधळात नवी भर पडली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या विद्यापीठांत दोन वर्षांच्या एम.ए.तून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं, तर पदव्युत्तर पदविका हातात मिळते. नाव तेच, पण हा अर्धा झालेला एम.ए. आणि बातमीच्या कामासाठीच बेतलेला डिप्लोमा यांच्यात तासांचा आणि सरावाचा फरक असतो. दुसरीकडे आयआयएमसीला 2024 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणजे पदवी देण्याचा अधिकार तिच्याकडेही आला. संस्थेच्या नावावरून अभ्यासक्रम ओळखायची सवय आता सोडायला हवी.

ब्रिटनमध्ये पदविका आणि एम.ए. यांचं हे गणित उघड मांडलेलं असतं: बहुतेक ठिकाणी 120 क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) झाली की पदविका, शोधप्रबंध किंवा मोठा प्रकल्प करून 180 केली की एम.ए. सगळं मिळून साधारण वर्षभरात.

प्रवेशाआधी विभागात जाऊन प्रायोगिक अंक, म्हणजे मुलांनी सरावासाठी काढलेलं वृत्तपत्र, मागा. गेल्या वर्षीचे किती निघाले आणि त्यांत मुलांनी स्वतः फिरून आणलेल्या बातम्या किती, हे पाहा. अंक काढून दाखवायला कुणी कपाटाची किल्ली शोधू लागलं, तर काय ते समजा. आणि आधी डिप्लोमा करून मग एम.ए.च्या थेट दुसऱ्या वर्षाला बसू, असा बेत असेल तर तो गृहीत धरू नका. प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असतो, म्हणून फी भरण्याआधी लेखी विचारून घ्या.